आदिनाथची पिशवी

“रक्ताची एकही बाटली जुळत नाही, मॅडम,” फोनवर डॉ. वैदेही सांगत होती. “गट ओ दाखवतोय, पण ओची प्रत्येक बाटली, तिच्या आईबापाचं रक्तसुद्धा लावून बघितलं, सगळीकडे गुठळ्या. बाळंतीण आहे. बाळ चांगलं आहे, रक्तस्रावही थांबलाय, पण अंगात रक्त म्हणून उरलेलं नाही. काय करावं ते कळेना, म्हणून तुम्हाला फोन केला.”

डॉ. मधुवंती पाथरीकर गंगाखेडच्या घरात खिडकीशी उभ्या होत्या. मुंबईची प्रयोगशाळा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण कुठे असं न जुळणारं रक्त निघालं की अजूनही फोन त्यांनाच येई.

“बॉम्बे गट असणार. ओ दिसतो, पण ओ नव्हे. साधं ओ रक्त दिलंत तर जीव जाईल. पेशंट कुठली?”

“माहेर राणीसावरगावचं. मेंढ्या राखणारं घर आहे. शिवकन्या नाव.”

मधुवंतींनी हातातला कप खिडकीत ठेवला.

“आईचं नाव अंबाबाई का?”

“हो. तुम्ही ओळखता?”

“मी येते,” त्या म्हणाल्या.

पुतण्या सारंग गाडी काढेपर्यंत त्यांनी मुंबईला दोन फोन केले. या गटाच्या यादीतल्या जिवंत रक्तदात्यांपैकी एक आजारी होता, एकाने नुकतंच रक्त दिलं होतं, तिसऱ्याचा फोन लागत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, “मग ती जुनी पिशवी काढा. हो, तीच. रात्रीच्या गाडीने परभणीला पाठवा.”

मधुवंतींचे वडील गोदावरीच्या घाटावर क्रियाकर्मं करत. त्या घरात रक्ताचा थेंब दिसला तरी आंघोळ करावी लागे. तिथली ही मुलगी बर्फाची पेटी खांद्याला अडकवून माळावरच्या मेंढरवाड्यांतून हिंडली. बोटाला सुई टोचून एकेक थेंब घेत आजीकडून नातवाकडे, मामाकडून भाचीकडे रक्त कसं वळतं, ते शोधत राहिली. दहा हजारांत एखाद्याचं असणारं हे रक्त या भागातल्या काही घरांत कसं उतरत आलंय, हे पहिल्यांदा त्यांनी दाखवलं. परदेशातल्या परिषदांत लोक उभे राहून टाळ्या वाजवत. राणीसावरगावात मात्र पोरं त्यांना पाहून ‘रगतवाली आली’ म्हणत लपून बसत.

आदिनाथ लपला नव्हता. अंबाबाईचा हा थोरला मुलगा तेव्हा विशी ओलांडलेला, उंच, हसरा. बाभळीखाली बाजेवर आडवा होऊन त्याने रक्त दिलं. पिशवी भरताना बघत होता.

“माजं रगत कुनाकुनाला चालंल, बाई?”

“फार थोड्यांना.”

“मंग ठिवा जपून,” तो म्हणाला.

त्याच पावसाळ्यात मेंढरं नदीपार करताना गोदावरीने त्याला नेलं. मेंढरं मिळाली, तो मिळाला नाही. मातीला द्यायलासुद्धा काही हाती आलं नाही. मधुवंती भेटायला गेल्या तेव्हा त्याचा बाप भुजंग वेशीतच आडवा उभा राहिला. “ज्याचं रगत तुमी न्हेलं, त्यो धारंत उभा ऱ्हाईलच कसा?” दिलेलं रक्त अंगात कधीच भरून आलं होतं, हे त्या बापाला त्या क्षणी सांगणं त्यांना जमलं नाही. त्या परत फिरल्या आणि पुन्हा त्या गावात गेल्या नाहीत.

पिशवी मुंबईत राहिली, उणे ऐंशी अंशाच्या थंडीत. जुन्या पिशव्या काढून टाकायचं ठरलं की दर वेळी त्या या एकीवर हात ठेवत. “दुर्मिळ आहे. राहू द्या,” असं म्हणत. प्रयोगशाळा सोडल्यावरही फोनवरून तेच सांगत.

परभणीच्या दवाखान्यात दुपारी ऊन व्हरांड्यात आलं होतं. भुजंग भिंतीशी बसला होता. पागोट्याखालचा चेहरा पार वाळला होता. मधुवंतींना पाहून त्याने मान वळवली. अंबाबाई मात्र उठून जवळ आली.

“बाई, तुमी व्हय? लय थकलाव.”

“तूसुद्धा, अंबाबाई.”

दोघी बाकावर बसल्या. आत शिवकन्या पांढरी फटक पडली होती. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात, निघाला होता, पोचायचा होता. बाळ दुसरीकडे काचेच्या पेटीत झोपलं होतं. बराच वेळ अंबाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली,

“तुमाला एक इचारायचं व्हतं. तुमी शिकलेल्या. आदिनाथ सपनात येतो माज्या. गेल्यापासून येतो. बोलत काहीच न्हाई, निस्तं म्हनतो, आई, गार लागायलंय.”

मधुवंतींनी तिच्याकडे पाहिलं.

“म्या म्हनलं नदीत गेला, वला आसंल म्हनून म्हनत आसंल. पर उन्हाळ्यात नदी सगळी आटती, तवाबी तेच. वैशाखात जमीन तापून लाल व्हती, अन् ह्यो कुडकुडतो. व्हटावर असं बर्फावानी पांढरं. मानूस मेल्यावर कुटं जातं, बाई, जितं एवढं गार हाय?”

त्या पिशवीबद्दल या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. घाटावर वाढताना असल्या शेकडो गोष्टी कानांवर पडल्या होत्या, आणि त्या साऱ्या मागे टाकूनच त्यांनी हा अभ्यास धरला होता.

“अंबाबाई,” शेवटी त्या म्हणाल्या, “त्याने दिलेलं रक्त अजून आहे. मुंबईला, बर्फापेक्षाही गार पेटीत. मी ठेवलंय. शिवकन्येला फक्त तेच चालेल. उद्या सकाळी येतंय.”

भिंतीपाशी बसलेला भुजंग उठून उभा राहिला.

“मेलेल्याचं रगत जित्या लेकराला? त्यो वडून न्हेईल तिला.”

“न्हाई न्हेणार,” अंबाबाई म्हणाली. “खांद्यावर घेऊन हिंडायचा तिला. गप बसा तुमी.”

“अंबे, इचार कर.”

“एवढी वर्सं दुसरं केलंय काय म्या? येऊ द्या त्याला.”

सकाळी सारंगने स्टेशनवरून पेटी आणली. मुंबईतच गोठलेलं रक्त वितळवून धुऊन पाठवलं होतं. वैदेहीने जुळणी करून पाहिली. एकही गुठळी नव्हती. मग पिशवी कोमट करून आत नेताना अंबाबाई दारात उभी राहिली.

“हात लावू का?”

वैदेहीने मधुवंतींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अंबाबाईने तळवा पिशवीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

“ऊन हाय,” ती म्हणाली. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून काढावा तसा तिने हात काढून घेतला.

रक्त नळीतून उतरू लागलं. मधुवंती नाडी धरून खाटेशी बसल्या. पिशवी अर्ध्यावर आली तेव्हा शिवकन्येने डोळे उघडले आणि पायथ्याकडे पाहत राहिली.

“कोन बसलंय?” ती पुटपुटली. “सगळं वलं झालंय अंथरून.”

पायथ्याशी कोणी नव्हतं. मधुवंतींनी उठून चादर चाचपली. कोरडी होती. रक्त कमी झालं की मेंदूला भास होतात, हे त्या वैदेहीला सांगणार होत्या. तेवढ्यात अंबाबाई आपल्या स्टुलावरून उठली. घाबरली नव्हती. तिने स्टूल उचललं, पायथ्याशी नेऊन रिकामं ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. पिशवी संपेपर्यंत त्या स्टुलावर कोणी बसलं नाही. पोरीला तपासायला आलेली वैदेहीसुद्धा वळसा घालून गेली.

संध्याकाळी शिवकन्येच्या ओठांवर रंग आला. दुसऱ्या दिवशी तिने बाळाला पाजलं.

“रिकामी पिशवी मला द्या,” अंबाबाईने मधुवंतींना गाठून सांगितलं. “तळाला रगत हाय थोडं. म्या बगितलंय.”

“त्या जाळायला जातात, अंबाबाई. नियम आहे.”

“जाळायला न्हाई. आमच्यात मातीला देत्यात.”

मधुवंतींनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. रक्त दिल्यावर पिशवी नियमाने ठेवायचे तेवढे दिवस ती दवाखान्यात ठेवायला लावली, वाफेत निर्जंतुक करवून घेतली आणि वैदेहीला म्हणाल्या, “हिची विल्हेवाट मी लावते. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.”

राणीसावरगावच्या माळावर भुजंगने खड्डा खणला. पिशवी तळहाताएवढी होती, पण खड्डा त्याने माणसाच्या लांबीचा खणला. शिवकन्या बाळाला घेऊन आली होती. भावकीतली माणसं गोळा झाली, ज्यांच्या बोटांना कधी मधुवंतींनी सुया टोचल्या होत्या. सारंग गाडीपाशीच थांबला. मधुवंतीही लोकांच्या मागेच उभ्या राहिल्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली ती एवढीशी वस्तू अंबाबाईने खाली उतरवली, तेव्हा कोणी रडलं नाही.

एकेकाने माती लोटली. सगळ्यांचं झाल्यावर भुजंग उठला, लोकांमधून वाट काढत मधुवंतींपुढे आला. त्यांच्याकडे न बघता म्हणाला,

“तुमीबी टाका. एवढी वर्सं तुमच्यापाशीच व्हता त्यो.”

मधुवंती पुढे झाल्या. गुडघे वाकत नव्हते, तेव्हा भुजंगने त्यांना कोपराला धरून खाली बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी ढेकळं फोडून माती बारीक केली आणि सावकाश, कडेकडेने सोडत राहिल्या.