मीराबाईंच्या घरचं विरजण

मी विरजण बोलतोय. नागपुरातल्या मीराबाईंच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीमागे, झाकणाच्या वाटीत माझं बिऱ्हाड. चमचाभर आंबट दही, एवढंच माझं रूप. पण आज माझा जीव घाबरा झालाय, म्हणून तोंड उघडलं.

मीराबाई पारशिवनीहून लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या आईनं डब्यात घालून मला सोबत पाठवलं. तेव्हापासून रोजचंच आहे. त्या कोमट दुधात बोट बुडवून पाहतात, मला त्यात घोळतात आणि झाकण ठेवतात. सकाळी घट्ट कवडीदही तयार! त्यातला चमचाभर मी पुन्हा वाटीत जातो.

मला माझा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? माझ्यात असंख्य जंतू नांदतात, पण गुणाचे. कुणाचं पोट बिघडलं, गोळ्यांनी आतडी शिणली, की गल्ली मीराबाईंच्या दारात वाटी घेऊन उभी. हल्ली मोबाइलवर 'प्रोबायोटिक' म्हणून माझंच कौतुक चालतं, दुकानात इवल्याशा बाटल्याही मिळतात. "आमच्या घरी तं कवाचंच आहे," म्हणून मीराबाई हसतात. तेव्हा मीही फुगत असे.

मग त्यांच्या मुलाला, प्रशिकला, रक्ताचा कर्करोग निघाला. कळमेश्वरच्या कारखान्यात कामाला जाणारा धडधाकट गडी, केमोनं पार वाळला. अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, करिष्माला, बजावलं की गरम शिजवलेलंच द्या. घरी विरजलेलं दही-ताक सध्या बंद. पेशी वाढल्या की खुशाल खाऊ द्या.

ते ऐकून मीराबाईंचा चेहरा उतरला.

"दह्यानं कोणाले काही झालं का वं आजवर? सारी गल्ली माह्या दह्यावर बरी होते!"

"आई, त्यायले सध्या चालत नाही. डॉक्टरनं सांगतलं ना."

डॉक्टरांचं खरं होतं. धडधाकट माणसाच्या अंगात राखण असते, म्हणून माझे जंतू तिथं शहाण्यासारखे वागतात. राखणच उठली, तर गुणाचा जंतूही भलतीकडे शिरू शकतो. शिवाय मी एकटा कुठे असतो? मे महिन्यात वीज जाते, फ्रिज कोमट होतो, वाटीत सारखा चमचा जातो. न बोलावलेले कितीतरी माझ्यात येऊन बसतात. ते दिसत नाहीत, त्यांचा वासही येत नाही.

परवा करिष्मा औषधं आणायला गेली होती. तोंडाला चव नाही म्हणून प्रशिक ताटावरून उठू लागला. मीराबाईंना राहवेना. त्यांनी भातावर दही कालवलं.

"खा गा बापू, काही होत नाही. यानं ताकद येते."

"दे वं माय. लय दिवस झाले."

तो मिटक्या मारत जेवला. मीराबाई डोळे पुसत पाहत राहिल्या. त्यांच्या मायेत खोट असती, तर मला इतका त्रास झाला नसता. त्यांनी ताट विसळून टाकलं आणि सुनेला काही सांगितलं नाही.

काल दुपारी प्रशिक थंडीनं कुडकुडू लागला. अंग तव्यासारखं तापलं. करिष्मानं त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून फोन केला.

"आई, डॉक्टर विचारून राहिले. यायनं काही कच्चं खाल्लं का?"

"नाही वं."

मीराबाईंच्या लेखी दही कच्चं नव्हतंच. दूध उकळून घेतलं होतं ना! पण फोन ठेवल्यावर त्यांनी फ्रिज उघडून माझ्या वाटीकडे पाहिलं. वाटलं, आता उलटा फोन करतील. त्यांनी केला नाही.

आज त्यांनी दह्याचं भांडं डब्यात रिकामं केलं, वाटीतला मीसुद्धा त्यातच गेलो. "दवाखान्यातलं जेवण काय अंगी लागते," असं पुटपुटत डबा पदराखाली धरला. बाई, वाटेत कुठंतरी सांडा मला. नालीत ओता, माझं काही म्हणणं नाही. डॉक्टरांना फक्त खरं सांगा.

वॉर्ड आला. करिष्मा पाणी आणायला गेली आहे. मीराबाई झाकण काढताहेत.

"बापू, तोंड उघड."

प्रशिक, लेका, आज तरी आईचं ऐकू नकोस.