गोल गावातले अळीव

मुक्ताबाईंच्या मांजरी गावातल्या घरात चार दिवस एक गाव गरगर फिरत होतं. म्हणजे त्यांची भाची ऋतुजा हिनं जुन्या वॉशिंग मशिनचा ड्रम आडवा बसवून त्याला मोटर लावली होती. शनिवारी तिच्या वाघोलीच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं, त्यासाठीचा हा नमुना. अवकाशात असंच एक अवाढव्य नळकांडं फिरत राहणार, त्या फिरण्यानंच माणसांचे पाय आतल्या भिंतीला टेकणार, आणि तिथंच घरं, रस्ते, शेती!

"म्हंजे वर बघितलं तर आभाळ न्हाई, शेजारणीचं अंगण?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"हो आत्या, उलटं!"

"अगं बया! तिचं वाळवण माझ्या डोक्यावर!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण पोरीचं तोंड उतरलेलं. ड्रममध्ये मेथी उगवून दाखवायची होती, आणि वीज कसली गुणाची! ती गेली की ड्रम थांबायचा आणि वरची माती धपकन खाली. तीनदा पेरलं, तीनदा चिखल. "शेतीच नसेल तर आमचा नंबर गेला," म्हणत ऋतुजा रडायलाच लागली.

मुक्ताबाईंनी तेव्हा सून दीपालीच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी अळीव भिजत घातले होते. भिजले की ते असे बुळबुळीत होतात, की बोटाला लागले तर सुटता सुटत नाहीत. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग तडक उठल्या, गोणपाट कापलं, ड्रमला आतून ताणून बांधलं आणि त्यावर अळीव थापले. मातीची भानगडच नाही. पुढचे पाच दिवस दोघी त्यावर पाणी शिंपडत राहिल्या.

शनिवारी परीक्षकांनी चष्मा सारखा केला. "फिरतंय छान. बंद पडलं तर?" आणि कुणाला न विचारता बटण दाबलं.

ऋतुजानं डोळे गच्च मिटले. ड्रम मंदावला, थांबला. आत हिरवंगार रान! खालचे कोंब वर, वरचे कोंब खाली, सगळ्यांचे शेंडे मध्याकडे. एकही सुटला नव्हता.

"कोणता गोंद वापरलाय?"

ऋतुजानं आत्याला हाताला धरून पुढं ओढलं. "हिला विचारा, सर. शेतीखातं हिच्याकडे आहे."

"गोंद कशाला? अळीव हायती," मुक्ताबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला देत्यात."

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "नंबर पक्का. आता दिल्लीच्या फेरीला हिच्याबरोबर आपणही या."

"येते की! पण आधी सुनेचं बाळंतपण उरकू द्या."