सत्यशीलाबाईंनी परत न केलेल्या वस्तू

गंगाखेडला गोदावरीकडं उतरणाऱ्या गल्लीत लेखिका सत्यशीलाबाई राहायच्या. त्या गेल्यावर वाचकांनी मिळून त्यांचं घर जपायचं ठरवलं आणि मैत्रेयीला तिथं नेमलं. तिची ही पहिलीच नोकरी. घरात सापडलेली एकेक वस्तू पुसून तिनं काचेच्या कपाटात मांडली, खाली वळणदार अक्षरात पाट्या लावल्या. आज उद्घाटन होतं.

सकाळीच मानवतच्या बसनं बाईंची धाकटी बहीण प्रभावतीबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, वय झालं तरी आवाज अजून वर्गातलाच. मैत्रेयीनं मोठ्या अभिमानानं त्यांना पहिल्या कपाटापुढं नेलं. आत जाड भिंगांचा चष्मा होता. पाटी होती, ‘बाईंनी साऱ्या कथा याच चष्म्यातून लिहिल्या.’

प्रभावतीबाई वाकल्या.

“अगं, हा माझा चष्मा!”

“तुमचा?”

“आक्काला चष्मा होताच कधी? दिवाळीला आले तेव्हा इथंच हरवला. सारं घर पालथं घातलं मी. आणि ही म्हणते, प्रभा, तुझं लक्षच नसतं!”

तेवढ्यात समोरच्या मनकर्णाबाई आत आल्या. शेळ्यांना चारा टाकून, हात झटकत, थेट दुसऱ्या कपाटाशी गेल्या.

“आगं बया! माझी काठी हितं हाय व्हय?”

“मावशी, ती बाईंची फिरायला जायची काठी आहे,” मैत्रेयी कळवळून म्हणाली.

“कशाची फिरायची! माझी शेरडं हाकायची काठी हाय ती. चिखल लय झालाय, घटकाभर दे म्हनली. दिली. मंग मी वर्सभर बाभळीच्या फोकानं शेरडं हाकली!”

मैत्रेयीनं तोंडावर हात ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं हसू. दाबलं तर नाकातून फुटलं. ते ऐकून प्रभावतीबाईंना हसण्याची उबळ आली, मनकर्णाबाई भिंतीला टेकल्या, आणि तिघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. बातमी गल्लीत पसरली. शिवणकाम करणाऱ्या सरजाबाईंनी येऊन आपला अडकित्ता ओळखला. कुणाला आपली बरणी सापडली, कुणाला उशी.

“आता काय करू हो? पाहुणे यायलेत,” मैत्रेयी धापा टाकत म्हणाली.

“काय करायचं? खरं लिही,” प्रभावतीबाईंनी बाही सावरली. “घे खडू... आपलं, पेन. मी सांगते.”

तासाभरात पाट्या बदलल्या. ‘प्रभावतीचा चष्मा. तिच्याच निष्काळजीपणामुळं हरवला असं बाई शेवटपर्यंत म्हणत.’ ‘मनकर्णाबाईंची काठी. घटकाभरासाठी नेली.’

उद्घाटनाला परभणीहून विष्णुपंत आले. मोठे समीक्षक, मुद्रा गंभीर. ते पाट्या वाचत चालले तशी मैत्रेयी दोन पावलं मागं राहून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत चालली. शेवटच्या कपाटात बाईंचं काळं शाईपेन होतं. त्यावर कुणीच हक्क सांगितला नव्हता. विष्णुपंत थबकले. काचेला नाक लागेपर्यंत वाकले.

“हे... हे माझं आहे,” ते पुटपुटले. “पुस्तकावर सही करून देते म्हणून मागून घेतलं होतं त्यांनी.”

मग विष्णुपंतच आधी हसले, चांगले खदखदून. आणि घर दणाणलं.

“मग सत्यशीलाबाईंचं स्वतःचं काही आहे का इथं?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

मैत्रेयीनं नकारार्थी मान हलवली. दारातल्या मनकर्णाबाईंनी मात्र पदर पुढं ओढला.

“तिचा पितळी हंडा हाय माझ्याकडं. बाळंतपनाला पानी तापवायला आणला व्हता.”

“म्हणजे कधी?” प्रभावतीबाईंनी विचारलं.

“माझ्या थोरल्याच्या. आता त्येची लेक कॉलेजात जायलीय.”

“आणा की मग मावशी, कपाटात ठेवू!” मैत्रेयी म्हणाली.

“बगू,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि लगबगीनं घराकडं निघाल्या. आत जाऊन त्यांनी दाराला कडी घातली, ती साऱ्यांना ऐकू आली.