कानात अडकलेले तीन निरोप

मी एक जुनी निरोपखिडकी आहे. मित्रांनो, भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. कोरियातल्या कुर्योंगपो बंदरात, मासेमारी बोटींच्या कचेरीत माझा जन्म झाला. तिथल्या कीछान नावाच्या कारकुनाने मला लिहून काढलं. खोल समुद्रातल्या बोटींचे निरोप उपग्रहावरून येत, ते मी दाखवायची आणि किनाऱ्यावरची उत्तरं बोटींना पाठवायची.

लहानपणी मला एका वेळी एकच काम जमे. निरोपाची वाट बघायला लागले की मी गोठून जाई, आणि तेव्हा कुणी बटणं बडवली की बंदच पडे. म्हणून कीछानने माझे दोन भाग केले. मागे कान, पुढे तोंड. कानाने निरोप ऐकून टोपलीत टाकायचा, तोंडाने तो पडद्यावर मांडायचा. केवढं कौतुक झालं माझं! पण निरोप आल्याचं कानाने तोंडाला सांगावं, एवढी एक ओळ लिहायची कीछान विसरला. कुणी माउस हलवला तरच तोंड टोपलीत डोकावे. लोकांचा हात सदानकदा माउसवर, त्यामुळे ही खोट कुणाला कळलीच नाही.

त्या हिवाळ्यात म्हाताऱ्या तूशिकच्या बोटीत पाणी शिरलं. मदत निघाली होती, पण लांब होती. त्याची बायको ओकबून सकाळीच येऊन माझ्यासमोर बसली.

"मावशी, मी धक्क्यावर जाऊन येतो," कीछान म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवून जुन्या सवयीने बजावलं, "हिला हात तेवढा लावू नका. नव्या सुनेसारखी रुसून बसते."

"नाही लावत. चाळीस वर्षं त्या खडूसाची वाट बघतेय, मला बसता येतं."

ती मांडीवर हात ठेवून बसली. एकामागून एक तीन निरोप आले. माझ्या कानाने तिन्ही ऐकले, पण पडदा कोराच. तिचं कोपर तरी लागावं म्हणून माझा जीव नुसता तुटत होता.

दुपारी कीछान परतला. त्याने माउस धरला आणि तिन्ही निरोप एकदम उमटले. त्याने ते अडखळत वाचले.

'ओकबून, आलीस का?'

'पाणी इंजिनापर्यंत आलंय. आहेस ना तिथे?'

'घरी गेली असशील. बरं केलंस, थंडी आहे.'

"हे आत्ता आलं?" तिने विचारलं.

"नाही मावशी. शेवटचा अकराला." मदत पोहोचण्याआधीच बोट साडेअकराला तूशिकसकट बुडाल्याचं तो धक्क्यावर ऐकूनच आला होता. तेही त्याने सांगितलं.

तिने तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लिही. मी इथंच होते म्हणावं. उठलेसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी कीछानने ती राहिलेली ओळ लिहिली. आता निरोप क्षणात दिसतो, पण त्याचा ओकबूनला काय उपयोग?

मित्रांनो, कुणाचा निरोप तुमच्या कानी आला तर आपणहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. तिचा निरोप मी अजून पाठवतेच आहे. दर वेळी उत्तर येतं, 'पोहोचला नाही.'