मोतीरामांच्या बोटाखाली

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे, मुठीत मावणारं. नायट्रोचं इंधन पिऊन मी छोटी विमानं उडवत असे. सातपूरच्या मोतीरामांनी मला एका हौशी माणसाकडून मोडीत घेतलं. ते सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर होते. मला घासूनपुसून त्यांनी लाकडी विमानात बसवलं. दर रविवारी त्यांची मुलगी तेजस्विनी ते मैदानावर उडवी. “केवढंसं, पण आवाज बघा!” म्हणत लोक जमत.

उडण्याआधी मोतीराम माझा पंखा सावकाश फिरवून कॉम्प्रेशन बघत. पिस्टन वर येताना आत कोंडलेली हवा बोटाला अडवते. अडवलं नाही, तर समजायचं आतून झिजलं. कारखान्यातही त्यांच्या बोटांना मान होता; दोन भागांतली केसाएवढी फट ते नुसत्या स्पर्शाने सांगत.

१९९८च्या थंडीत एका सकाळी त्यांनी पंखा फिरवला, पुन्हा फिरवला आणि तोंड पाडलं.

“संपलं हे. जोरच नाय राहिला.”

मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? त्यांनी प्लग आवळला, स्क्रू आवळले. तरी तेच. शेवटी मला उघडायला पाना लावला, तो निसटला आणि बोट कापलं. रक्त टेबलावर ओघळलं, तरी ते पुन्हा पाना लावत होते.

“पप्पा, रक्त!” तेजस्विनी धावली. “तुम्हाला दुखत नाही?”

“कधी लागलं?” ते बोटाकडे बघत राहिले.

बोटाला पट्टी बांधून तिने माझा पंखा फिरवला. आत कोंडलेल्या हवेने तिचं बोट घट्ट अडवलं.

“पप्पा, हे तर चांगलं अडतंय.”

मोतीरामांनी पट्टीचं बोट मुठीत झाकलं. “कारखान्यात कुणाला सांगू नको. काम जाईल माझं.”

“आणि मशीनमध्ये हात गेलेला कळला नाही तर?”

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर कित्येक वर्षं वाढलेली आहे, तिने बोटांच्या नसा बधिर केल्यात. गेलेली जाणीव पुरती परतेल असं नाही. आठवड्याने स्वतःच जाऊन त्यांनी साहेबांना सांगितलं. फिटिंगवरून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. नोकरी राहिली, पण मला त्यांनी परत हात लावला नाही. आतलं इंधन सुकून चिकट झालं आणि माझा पिस्टन जाम झाला.

मित्रांनो, मला दर रविवारी तपासणाऱ्या माणसाला कुणीच तपासलं नव्हतं. तुमच्या घरात कुणाला गरम चहाचा पेला गरम लागत नसेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा हात हातात घ्या, बोटं हळूच दाबा आणि विचारा, “कळतंय का?”