ग्लँकेट

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'चाळण'. नवे शब्द आधी तिच्या टेबलावर येत आणि बहुतेक तिथूनच आल्या पावली परत जात. मागच्या वर्षी आले चारशे बारा, आत गेले अडतीस. इंग्रजीच्या घरची रीतभात तिला तोंडपाठ होती. ब्रेकफास्ट आणि लंच या दोन शब्दांची टक्कर झाली की ब्रंच होतो. टेलिफोनचं मुंडकं उडवलं की फोन उरतो. एडिटर हा पोरगा आधी जन्मतो आणि एडिट हा त्याचा बाप मागाहून शोधून काढतात. परक्या घरचे तर इतके येऊन राहिलेत, की घरजावई कोण आणि घरचा कोण, हे त्या घरालाही आता सांगता येणार नाही. कुठल्याही दाराने या, चाळणीची अट एकच: एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तो शब्द आपापल्या गरजेपोटी वापरलेला हवा.

"एकट्याच्या तोंडातला शब्द म्हणजे उचकी," ती म्हणायची. "पाणी प्या, जाईल."

यंदा तिचा दादा तिच्याकडे राहायला आला. त्याने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. तिलाही त्या भाषेची गोडी त्यानेच लावली. त्याच्या मेंदूत गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं मोडलं. घरच्या भाषेतले शब्द तुटक यायचे, इंग्रजीतले एकमेकांना चिकटून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "त्यांना बोलतं ठेवा. गप्प राहायची सवय लागली, तर आहे तेही जाईल."

एका दुपारी खिडकीतून उन्हाची पट्टी दादाच्या पायांवर पडली होती.

"ग्लँकेट," तो सुखावून म्हणाला.

"काय?"

"ग्लो." डावा हात खिडकीकडे गेला. "ब्लँकेट." हात गुडघ्यांवर आला. "ग्लँकेट."

"असा शब्द नाहीये, दादा."

"आहे."

"कोण वापरतं?"

"मी."

"मग उचकी आहे ती," ती बोलून गेली. तीस वर्षांची सवय. जीभ कचेरीतून घरी येताना चप्पल थोडीच बदलते!

दादाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तोंड मिटलं. ते नऊ दिवस मिटलेलंच राहिलं. पाणी हवं तर बोट, नको तर मान.

चौथ्या दिवशी तिने शहाणपणा करून पाहिला. "अगं बाई, काय सुरेख ग्लँकेट पडलंय आज!" पण पोपटपंची ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्यापुढे ही पोपटपंची काय टिकणार? त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी कचेरीत ती नाकारलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या खणांच्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. धूळ उन्हात तरंगत होती, जशी काही खाली उतरायची तिला घाईच नव्हती. भिंतभर लाकडी खण हळूहळू श्वास घेऊ लागले. नाकारलेले शब्द एकेक करून बाहेर आले आणि दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे ओळीने बसले. कुणाला शेपूट नव्हतं, कुणाला दोन डोकी होती.

"तुला कुणी पाठवलं?" तिने पहिल्याला विचारलं.

"एका बाईचे पाय गारठले होते."

"पुरावा?"

"पाय."

ती दचकून जागी झाली. तिचे स्वतःचे पाय फरशीवर बर्फ झाले होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी गेली.

दादा खिडकीशी खुर्चीत होता. तिने पायातलं भिरकावलं, बसायला वेताचा मोडा ओढला आणि पाय त्याच्या पायांशेजारी खुपसले. पट्टी अरुंद होती, तिच्या वाट्याला नुसता अंगठा आला.

"सरक ना जरा! सगळं ग्लँकेट एकट्यानेच पांघरून बसलायस, अधाशा!"

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तो तिच्या कानांनी ऐकला. दादानेही ऐकला. त्याने तिचा चेहरा निरखला, उत्तरपत्रिका तपासावी तसा, वरपासून खालपर्यंत. मग पाय चार बोटं सरकवले.

"ग्लँक," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. नऊ दिवसांचा गंज होता त्यात. "तू... ग्लँक. मग मी ग्लँक."

"आता हे काय? शेपूट छाटून क्रियापद केलंस?"

"माझा शब्द."

"निम्मा माझा. मीही वापरला की."

दादाने डावं बोट नाचवलं. "तू... ओळखीची. चालत नाही."

ती इतकी हसली की मोडा करकरला. तोही हसत होता, अर्ध्या तोंडाने, पण पुरेपूर.

ऊन वर चढत त्यांच्या पायांवरून निसटलं आणि भिंतीवर जाऊन फिकटलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला त्याचंही काही म्हणायचं होतं. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. "फे... फे..."

तिच्या जिभेवर तीन शब्द तयार होते, तिन्ही कोशातले, पारखलेले. तिने ओठ घट्ट मिटले आणि, पाय गार पडत चालले तरी, तो काय म्हणतो याची वाट बघत बसली.