गुरमटियाच्या पोत्यातली परखी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परखी आहे. लांबीला हातभरही नाही. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला मूठ आणि पाठीवर उघडी पन्हळ. मला धान्याच्या पोत्यात खुपसलं की आतले चारदोन दाणे पन्हळीतून घरंगळत माणसाच्या तळहातावर येतात. पोत्याच्या तोंडाशी विकणारा नेहमीच चांगला माल ठेवतो, पण मधे काय आहे ते मी सांगते. या धंद्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी आणि कोरडा झाला आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणाला माझा राग यायला नको.

माझा जन्म भंडाऱ्यातल्या एका कासाराच्या दुकानातला. देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कासाराने मला चिंचेने घासून दुकानाच्या दारात टांगलं आणि तिसऱ्याच दिवशी दुधराम नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. दुधराम केशोरीकडचा. घरी धानाची शेती होती, ती भाऊ बघायचे. हा एकटा गोंदियाला राहून एका राईस मिलमध्ये माल पारखायचं काम करायचा.

आमचं काम असं चाले. गाड्या मिलच्या आवारात लागल्या की दुधराम एकेका पोत्यात मला खुपसायचा, आलेले दाणे तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा आणि दोन दाणे दाताखाली धरायचा. दाणा कटकन वाजला की माल सुका, दबला की ओला. धान लुचई आहे की चिन्नोर, कोणत्या बाजूच्या बांधीतलं, म्हणजे भातशेतातलं आहे, तेही तो सांगायचा. मिलचे सेठ पाहुण्यांना मला हातात घेऊन दाखवत आणि म्हणत, "ये नली झूठ नहीं बोलती." खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. पितळेला वाखाणणी कळत नाही असं समजू नका.

दुधराम फार कमी बोलायचा. विडी नाही, पत्ते नाहीत. हौस एकच, दुपारचं जेवण नव्या ठिकाणी जेवायचं. बाराचा भोंगा झाला की तो मला सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि निघायचा. त्या वर्षांत गोंदियात दर दोनचार महिन्यांनी कुठेतरी नवी खानावळ निघत होती. फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी गृहस्थाने स्टेशनासमोर दाल-पकवान सुरू केलं होतं. रेलटोलीत रेल्वेच्या तेलुगू नोकरदारांसाठी एक खानावळ होती, तिथल्या सारानं दुधरामच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं होतं. एका मारवाडी बाशात, म्हणजे खानावळीत, पोळ्या तुपात भिजलेल्या मिळत, पण भात सगळ्यात शेवटी आणि चमचाभर. भातावर वाढलेल्या माणसाला तो अपमानच वाटला.

जेवायला बसला की खिशात टोचते म्हणून तो मला पत्रावळीशेजारी ठेवी. एकदा त्यावरून गंमत झाली. रेशनिंगचे दिवस होते. मला पाहून नव्या भोजनालयाच्या मालकाला वाटलं, हा धान्य तपासणारा सरकारी माणूस आहे. त्याने मागच्या दाराने तांदळाची पोती शेजाऱ्याकडे हलवली आणि दुधरामला हात जोडून सांगितलं, "आज चावल बना ही नहीं, साहब." दुधराम नुसत्या वरणपोळीवर उठला. मिलमध्ये त्याने हे कोणालाही सांगितलं नाही.

त्याची जेवायची रीत ठरलेली होती. पहिला घास नुसत्या भाताचा. वरण नाही, भाजी नाही. डोळे मिटून तो सावकाश चावायचा. भात मनासारखा असला तर त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "बेस." झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भंडारा-गोंदियाकडे, चांगल्याला बेस म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्या गावी पाहुणा बेस म्हणाला की घरची बाई लगेच आणखी भात वाढते. आपल्या तोंडाने मागणारा माणूस तिथे हलका समजला जातो. म्हणून दुधराम शब्द उच्चारून गप्प बसायचा आणि वाट बघायचा.

मिलचे तीसेक हमाल त्याच्या या शब्दावर चालत. दुधराम जिथे बेस म्हणेल, तिथे दुसऱ्या दिवशी हमालांच्या पंगती बसत. त्यांचा पुढारी उदाराम रोज विचारायचा, "का जी दुधरामजी, आज कुठं जेवले?"

१९५५ साल असावं. मालधक्क्याच्या मागे एका रिकाम्या खोलीत जमुनाबाईने खानावळ काढली. ती डोंगरगडची, बोली छत्तीसगडी आणि आमच्याशी बोलताना हिंदी. नवरा खेमराज रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ उचलताना त्याची कंबर गेली आणि नोकरीही गेली. आता तो दाराशी बसून लोकांच्या हातावर पाणी घालायचा. जमुनाबाईचा भाऊ चुन्नीलाल डोंगरगडच्या धान्यबाजारात मापाडी होता. त्याने बहिणीला गुरमटिया तांदळाची पोती दिली आणि सांगितलं, होळीपर्यंत बघ, नाही जमलं तर दोघंही माझ्याकडे या.

भाऊ भला होता. पण जमुनाबाईला जायचं नव्हतं. ती नवऱ्याला म्हणायची, "चूल्हा अपना हो तो नमक-भात भी चलता है. भौजी के चूल्हे पर तो मुँह देखके खाना पड़ता है." तीस हमाल आले असते तर तिची चूल टिकली असती, आणि हमाल दुधरामच्या एका शब्दावर येणार होते. हे तिला उदारामने सांगितलं होतं.

दुधराम पहिल्यांदा आला तेव्हा ती भाताचं भांडं घेऊन त्याच्यासमोरच उभी राहिली. गुरमटियाचा जाडा, गोडसर भात. त्याने घास घेतला, डोळे मिटले, चावला आणि म्हणाला, "बेस."

जमुनाबाईने ऐकलं, "बस." म्हणजे पुरे.

तिचा चेहरा पडला आणि भांडं घेऊन ती मागे सरली. दुधराम वाट बघत राहिला. आणखी भात येईना. त्याने पत्रावळीवरचं तेवढं संपवलं, हात धुतला आणि अर्धपोटी उठला. मिलमध्ये उदारामने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भात बेस हाय, पन बाईचा हात आखडता हाय." आता दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला आखडत्या हाताच्या खानावळीत कोण नेणार? एकही हमाल तिकडे फिरकला नाही.

मिलमध्ये राहून मला दोन्ही भाषा पक्क्या झाल्या होत्या. चूक कुठे झाली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मला तोंड असलं तरी त्यातून फक्त दाणे येतात.

भातासाठी दुधराम आठवड्याने पुन्हा गेला. पुन्हा बेस, पुन्हा तिने भांडं मागे घेतलं. तिसऱ्या खेपेलाही तेच. जमुनाबाईला वाटलं, जाडा तांदूळ याला रुचत नाही. तिने गुरमटिया बाजूला ठेवला आणि बाजारातून पांढराशुभ्र, पॉलिश केलेला बारीक तांदूळ आणला. चौथ्या खेपेला दुधरामने पहिला घास घेतला. त्याला काही चव लागेना, म्हणून तो काहीच बोलला नाही. तो बस म्हणाला नाही, हे पाहून जमुनाबाई हरखली. तिने भात वाढला. तो गप्प. तिने आणखी वाढला. वाढलेलं टाकायचं नाही म्हणून बिचारा घामाघूम होऊन खात होता आणि ती आनंदाने वाढत होती. मी शेजारी पडून हे बघत होते. हसू येत होतं, आणि तिची कीवही येत होती. बाहेर आल्यावर दुधराम स्वतःशीच पुटपुटला, "चांगला भात लपवते, बेकार भात लोटते. अजब बाई हाय."

होळी चार दिवसांवर आली. दुपारी दुधराम त्या बाजूने गेला तर खानावळीसमोर हातगाडी उभी होती. गाडीवर भांडीकुंडी आणि गुरमटियाचं एक न उघडलेलं पोतं. चुन्नीलाल दोर आवळत होता आणि खेमराजला म्हणत होता, "बैठो भाटो, गाड़ी का टाइम हो रहा है." तिकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटो म्हणतात.

दुधरामने विचारलं, "कावून बाई, चूल कावून बंद?"

जमुनाबाईने पदराने हात पुसले. एरवी ती खाली बघून बोलायची, त्या दिवशी सरळ त्याच्याकडे बघून बोलली. "भैया, एक बात पूछूँ? पहले ही कौर पे बस बोल देते थे. इतना बुरा पकाती हूँ मैं?"

"बस? मी कवा बस म्हणलो?"

"तीन बार बोले. मैं सामने खड़ी थी."

"मी बेस म्हणलो, बाई! बेस म्हंजे चांगला, लय चांगला. तुमी तं भांडं घेऊन चालल्या जात होत्या. मी अर्ध्या पोटानं मिलमंदी जाऊन राहिलो होतो."

खेमराजने कपाळावर हात मारला. जमुनाबाई हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. चुन्नीलालचा मात्र विश्वास बसला नाही. निरोपाच्या वेळी सगळेच गोड बोलतात, असं त्याला वाटलं असावं. "छोड़ो दीदी. अब बोलने से क्या होता है?" असं म्हणून त्याने गाडीचा दांडा उचलला.

दुधरामला चार वाक्यं लागोपाठ बोलायची सवय नव्हती. जेवढी वाक्यं जवळ होती ती आधीच संपली होती. त्याने मला खिशातून काढलं आणि गाडीवरच्या पोत्यात खुपसलं. दाणे तळहातावर घेतले, चोळले, दाताखाली धरले. मग त्याने मला पुन्हा त्याच पोत्यात मुठीपर्यंत रोवलं आणि मागे वळून न बघता मिलकडे निघून गेला.

मित्रांनो, इकडच्या सगळ्या धान्यबाजारांत पोत्यात परखी उभी ठेवून पारखणारा निघून गेला, की ते पोतं ठरलं, म्हणजे विकलं गेलं. मग त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, जागेवरून हलवायचंही नाही. दुधरामचं बोलणं चुन्नीलालला पटलं नव्हतं, पण ही खूण पटायला त्याला शब्द लागले नाहीत. आयुष्य त्याने पोत्यांतच काढलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने दांडा खाली ठेवला आणि दोर सोडायला लागला. "दीदी, ये बोरा अब नहीं जा सकता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाल्यावर दुधराम आला. सोबत उदाराम आणि बारा हमाल. खोलीत जागा पुरेना, काही जण बाहेर बसले. जमुनाबाईने गुरमटियाचा भात वाढला आणि भांडं घेऊन दुधरामसमोर उभी राहिली. सगळ्यांचे हात थांबले होते. मी पोत्यातून बघत होते. इतक्या वर्षांत माझा जीव कधी कोणासाठी खालीवर झाला नव्हता, त्या दिवशी झाला.

दुधरामने पहिला घास घेतला. डोळे मिटले. चावून झाल्यावर त्याचे ओठ उघडले, आणि शब्द न उच्चारताच मिटले. मग ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाच्या दारी तोंडाने मागितलं नव्हतं, त्याने सगळ्या हमालांदेखत आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी भांडं हातात घेऊन तुमच्या पहिल्या घासाकडे बघत उभं असेल. त्यांना एका शब्दावर ताटकळत ठेवू नका. आवडलं असेल तर लाजू नका, ताट पुढे करा.